सहाशे किलोंचं आकाश

विमान महाग का असतं? अ‍ॅल्युमिनियम आणि इंजिनाचा खर्च असतोच. पण प्रत्येक नवा आराखडा सरकारपुढे सिद्ध करून दाखवायला वर्षानुवर्षं चाचण्या लागतात आणि तो सगळा पैसा मोजक्याच विमानांवर वसूल करावा लागतो. नवं सेसना १७२ आज चार लाख डॉलरच्या वर जातं, आणि त्याचा मूळ आराखडा आहे १९५० च्या दशकातला!

२००४ साली अमेरिकेने एक वेगळी वाट काढली. माणसं दोन, इंजिन एक, चाकं कायम बाहेर, आणि माणसं, पेट्रोल, सामान सगळं धरून वजन ६०० किलोंच्या आत. अशा ‘लाइट स्पोर्ट’ विमानासाठी उद्योगानेच एकत्र बसून मानकं ठरवायची आणि ती पाळल्याचं निर्मात्याने लिहून द्यायचं. ते चालवणाऱ्या ‘स्पोर्ट पायलट’ला नेहमीच्या किमान ४० ऐवजी २० तासांचं शिक्षण पुरे, आणि वैद्यकीय दाखल्याच्या जागी बहुतेकांना मोटारीचं लायसन्स चाले. बहुतेक नव्या विमानांत ऑस्ट्रियाचं रोटॅक्स ९१२ बसलं: जेमतेम १.३५ लिटरचं, तरी १०० अश्वशक्तीचं, आणि मोटारीच्या पेट्रोलवर चालणारं. १९३८ सालचं पायपर कबही याच अटींत बसतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तरी स्वस्ताई पुरती हाती आली नाही. सेसनाने २००७ मध्ये स्कायकॅचर जाहीर केलं ते १,०९,५०० डॉलरला. २०११ पर्यंत किंमत दीड लाखाला टेकली, २०१३ मध्ये विमानच बंद झालं. टाकी पूर्ण भरली की दोन धिप्पाड माणसांना वजनाची मर्यादा आड येई. माझ्या मते घोडं तिथेच अडलं. एकेक किलो वाचवायचा तर महागडं कार्बन फायबर लागतं, म्हणजे हलकेपणाच खर्चिक ठरतो.

म्हणूनच अमेरिकेने २०२५ मध्ये केलेला नियमबदल मला विलक्षण वाटतो. स्पोर्ट पायलटसाठी वजनाची अट गेली. त्याऐवजी विमान किती सावकाश उडत राहू शकतं ते पाहायचं. पंख विमानाला हवेत धरून ठेवू शकतात तो किमान वेग, म्हणजे स्टॉल स्पीड, ५९ नॉट्सच्या, ताशी सुमारे ११० किलोमीटरच्या आत हवा. आपटण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे सावकाश उतरणारं विमान चूक पोटात घालतं. त्या एका आकड्याने सेसना १७२ स्पोर्ट पायलटच्या आवाक्यात आलं. ही विमानं आजवर ४४,००० हून अधिक बनली, आणि दशकं जुनी कितीतरी अजून उडतात, विकली जातात. आसनं चार असली, तरी सोबत मात्र एकालाच न्यायचं.

हँगरचं भाडं, विमा आणि मेकॅनिककडची वार्षिक तपासणी यांचा भार या नियमाने हलका झालेला नाही. त्यामुळे चौघांनी मिळून एक जुनं विमान घ्यायचं आणि पाळीपाळीने उडवायचं, हाच हिशेब आजही सगळ्यांत परवडतो.