कंबर हेच आपले भांडवल

पाथर्डी-शेवगाव भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या भगिनी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. मजुरी टनावर. कंबर धरली की टन घटतो, मजुरी बुडते. म्हणून हातापायांइतकेच पोट-पाठीचे स्नायू बळकट हवेत, असे आम्हांस वाटते.

त्यासाठी हवेच्या मोठ्या चेंडूचा व्यायाम आहे. हा चेंडू १९६३ साली इटलीत अक्विलिनो कोसानी यांनी बनवला. स्वित्झर्लंडमधील फिजिओथेरपिस्टांनी तो रुग्णांसाठी वापरला, म्हणून नाव पडले ‘स्विस बॉल’. चेंडू डळमळतो, तोल सावरताना आतले स्नायू कामाला लागतात.

भिंतीजवळ, कोणी धरायला असतानाच चेंडूवर बसावे. गुडघे काटकोनात, पाठ ताठ. एक पाऊल जरा उचलून पाच अंक मोजावेत, मग दुसरे. श्वास रोखू नये.

चेंडू नसला तरी अडत नाही. सतरंजीवर हात-गुडघे टेकून ओणवे व्हावे. उजवा हात व डावा पाय सरळ करावा, मग उलट. खर्च काहीच नाही.

पायाला मुंग्या, बधिरपणा, ताजी दुखापत किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. जिल्ह्यात लोणी येथे फिजिओथेरपीचे महाविद्यालयही आहे. दुखणे अंगावर काढू नका. भांडवल राखले तरच संसार चालतो.