मोत्या उजवीकडेच का वळतो

अवसरी खुर्दच्या मळ्यातल्या एका घरी कुत्रं ताटलीतली अर्धीच भाकरी खातं, असं कानावर आलं म्हणून गेलो. भूक मेल्यामुळे अर्धी टाकतं, तसं नव्हे. उजवी बाजू चाटूनपुसून साफ आणि डावीकडचा दुधात कुस्करलेला काला जसाच्या तसा. काकूंनी माझ्यादेखत ताटली फिरवली. मोत्यानं उरलेलं हावऱ्यासारखं संपवलं, जणू कुणी नव्यानं वाढलं होतं.

मोत्या नऊ वर्षांचा, गावठी, गळ्यात बिबट्यासाठी खिळ्यांचा पट्टा. जुन्नर-आंबेगावच्या उसातल्या बिबट्यांना कुत्रं म्हणजे आयतं खाणं. तिथं मळ्यातलं कुत्रं म्हातारं होणं हीच मोठी गोष्ट. मोत्याच्या मेंदूत गाठ असावी, आणि तशी गाठ होते ती बहुतेक उतारवयातल्या कुत्र्यांना. मोत्या बिबट्यापासून वाचला, म्हणून तर हे दुखणं त्याच्यापर्यंत पोचलं.

पहिली आकडी आली तेव्हा वस्तीवर एकच बोलणं झालं, 'पिसाळलंय.' शेजारी काठी घेऊनच आला होता. काकूंनी मोत्याला गोठ्याकडेला साखळीनं बांधलं आणि डॉक्टरांना फोन लावला. लस वेळच्या वेळी टोचलेली होती, तरी दहा दिवस कुणी तोंडाजवळ हात न्यायचा नाही, असं त्यांनी बजावलं. रेबीज असता तर कुत्रं तेवढ्यात गेलंच असतं. कांद्यावरची फवारणी, डिस्टेंपर, लिव्हर, साखर, सगळं एकेक करून बाजूला पडलं.

मी गेलो त्या दुपारी डॉक्टर आले होते, मूळचे गाई-म्हशींचे. मनगटं जाड, पण मोत्याचा पंजा त्यांनी ज्या हलक्या हातानं धरला ते बघत राहावं असं होतं. उजवा पुढचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला, मोत्यानं तो लगेच सरळ केला. डावा तसाच टेकवला. तो दुमडलेलाच राहिला. मोत्या डॉक्टरांकडे बघत शेपूट हलवत होता, आपला पाय उलटा पडलाय याची त्याला खबरच नव्हती. मग डोळ्यांवर तळहात नेला. उजवा मिटला, डावा उघडाच.

"डोळा चांगला आहे काकू," डॉक्टर म्हणाले. "उजवा मेंदू डावीकडचं बघतो, तोच दबलाय. म्हणून चक्कर मारताना पण उजवीकडंच वळतो."

इतकं सगळं एका पंजावरून आणि एका डोळ्यावरून. मशीन नाही, वीज नाही.

चाकणला कंपनीत असलेला काकूंचा मुलगा फोनवर होता. त्याला एमआरआय हवा होता. पुण्यात होतो, आणि मुंबईत परळला 1886पासून पशुवैद्यकाचं कॉलेज आहे, 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटांचं लहान प्राण्यांचं हॉस्पिटल निघालंय, हे सगळं त्यानं शोधून ठेवलेलं. डॉक्टरांनी त्याला उडवून लावलं नाही. एमआरआयला कुत्रं हलता कामा नये, म्हणून पूर्ण भूल. मेंदू दबलेल्या कुत्र्याला ती जास्त जोखमीची. गाठ वरच्या आवरणातली निघाली तर कधीकधी काढता येते. किरणोपचार करायचे तर पंधरा-वीस वेळा जावं लागतं, दर वेळी भूल. ते जमलं तर वर्ष मिळतं, कधी जास्तही. नुसत्या गोळ्यांवर काही आठवडे, फार तर काही महिने.

"फोटो काढून गाठ कळंल. कळल्यावर काय करणार, ते आधी ठरव. काहीच करणार नसशील तर त्याला भूल कशाला?"

शहरात असं बोललं की निष्काळजी ठरतो माणूस. मला मात्र त्या दुपारी एवढं सरळ बोलणारं दुसरं कुणी दिसलं नाही.

काकूंनी गोळ्या निवडल्या. मेंदूची सूज उतरायला प्रेडनिसोलोन, आकडीसाठी फेनोबार्बिटोन, बारा-बारा तासांनी. तहान-भूक दुप्पट होईल, मुतेल फार, पहिले पंधरा दिवस दारू प्याल्यासारखा झोकांड्या खाईल. आणि घड्याळ बघायचं. आकडी पाच मिनिटांच्या आत थांबली तर अंधार करून गप्प बसायचं. पाच मिनिटांवर गेली तर रात्र असो, पाऊस असो, फोन.

"पाच मिन्टं म्हंजे किती वो?" काकूंनी विचारलं. त्यांना घड्याळ कळतं. पण पाय झाडणाऱ्या जिवापाशी बसून पाच मिनिटं मोजायची कशी, ते त्यांना विचारायचं होतं. डॉक्टरांनी मुलाचा जुना मोबाइल मागवला, त्यातलं स्टॉपवॉच लावून दिलं, दोनदा त्यांच्याच बोटानं दाबून घेतलं.

शेवटच्या इंजेक्शनचा विषय काकूंनीच काढला. "मोटर चालू करायला जाते तवा माझ्यामागं येतो. त्यो यायचा थांबला की बोलावते तुम्हाला. आधी न्हाई."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि चिठ्ठी लिहिली. फेनोबार्बिटोन चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि एकदम बंद केली तर आकड्या उसळून येतात, म्हणून महिन्याच्या गोळ्या मंचरहून एकदमच आणा म्हणाले. नुसत्या गोळ्यांचं मुलाला अजून पटलेलं नव्हतं. पुण्याची तारीख त्यानं घेऊन ठेवलीच होती.

"घे तारीख," काकू फोनमध्ये ओरडल्या, "पण येताना मंचरहून गोळ्या आण आधी."