घरचा रक्तदाब व त्याची रोजकीर्द

आपण व्यापारी तिजोरीतील शिल्लक दररोज मोजतो. परंतु ज्या देहाच्या बळावर पेढी चालते, त्याच्या रक्तदाबाची मोजदाद वर्षानुवर्षे करीत नाही. वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. हृदय, मेंदू व मूत्रपिंडे यांना तो मुकाट्याने अपाय करीत राहतो, आणि पुष्कळ घरांत त्याची पहिली वार्ता अर्धांगवायूच्या झटक्यानेच येते. म्हणून फतेगंजातील आपल्या बंधुभगिनींसाठी तो घरी मोजण्याची रीत येथे सांगण्याचे योजिले आहे.

हृदय आकुंचन पावून रक्त लोटते तेव्हाचा दाब हा वरचा आकडा, व ते शिथिल होते तेव्हाचा दाब हा खालचा. हे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. कारण १८९६ साली इटलीतील रिवा-रोची यांनी दंडास पट्टा आवळून पाऱ्याच्या स्तंभावर दाब मोजण्याची युक्ती काढली. १९०५ साली रशियातील कोरोटकॉव्ह यांनी धमनीतील आवाज ऐकून दोन्ही आकडे ठरविण्याची पद्धत दिली. आजचे घरगुती यंत्र पट्ट्यातील स्पंदनांवरून तेच आकडे काढते.

दवाखान्यात काहींचा दाब केवळ धास्तीने चढतो. उलट काहींचा तेथे ठीक दिसतो, पण घरी व पेढीवर चढलेला असतो. हा प्रकार अधिक फसवा. एका पोत्याची वानगी पाहून आपण सगळ्या वखारीचा भाव करीत नाही, तसेच एका आकड्यावरून रक्तदाबाचा निवाडा करू नये.

यंत्र मनगटाचे न घेता दंडाचे घ्यावे. पट्टा दंडाच्या घेराजोगा असावा. तो लहान पडल्यास आकडा खोटा वाढतो. काट्यावर जसा वजनमापे खात्याचा शिक्का, तसे वर्षातून एकदा यंत्र डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून घ्यावे. नाडी अनियमित असणाऱ्यांनी यंत्राचा भरवसा किती धरावा, हे डॉक्टरांस विचारावे.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू व श्रम वर्ज्य करावेत. लघवी करून यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. हात मेजावर हृदयाच्या पातळीस ठेवावा, पट्टा उघड्या दंडावर बांधावा व बोलू नये. गिऱ्हाइकाशी घासाघीस चालू असता घेतलेला आकडा हिशेबात धरण्यासारखा नसतो.

सात दिवस सकाळी औषध व न्याहारीपूर्वी, तसेच सायंकाळी, एका मिनिटाच्या अंतराने दोन-दोन वेळा मोजावे. तारीख व वेळ घालून प्रत्येक आकडा वहीत मांडावा. नको वाटणारा आकडा गाळू नये. अशा २८ नोंदी होतील. पहिल्या दिवसाच्या चार सोडून उरलेल्या २४ नोंदींची सरासरी काढावी. वरची सरासरी १३५ किंवा खालची ८५ वा त्याहून अधिक निघाल्यास वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. दवाखान्यातील मोजणीस हीच मर्यादा सामान्यतः १४० व ९० धरतात.

आकडे उतरले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. ते बहुधा गोळ्यांमुळेच उतरलेले असतात. चौविहार पाळणाऱ्यांनी सायंकाळच्या औषधाची वेळ, आणि पर्युषणात उपवास करणाऱ्यांनी औषधाचे प्रमाण, आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. लघवी वाढविणारी गोळी घेऊन निर्जळ उपवास केल्यास दाब एकाएकी उतरून घेरी येऊ शकते. मीठ दिवसाला पाच ग्रॅमहून कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा पापड-लोणच्यांचाही हिशेब ठेवावा.

आकडा १८० वा १२० च्या वर दिसल्यास पाच मिनिटांनी पुन्हा मोजावे; तरीही तसाच असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. परंतु छातीत कळ, धाप, तोंड वाकडे होणे, हातापायातील शक्ती जाणे वा बोबडी वळणे यांपैकी काहीही दिसल्यास आकडा कसाही असो, तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटी एक विनंती. घरात यंत्र येते ते बहुधा शेठजींसाठी. त्याच वहीत गृहिणीच्या नावाचेही एक पान असावे. तिचा दाब मोजण्याचे कोणास सुचत नाही, आणि तीही आपण होऊन सांगत नाही.