पत्र्याचं घर दुपारी भट्टीसारखं का तापतं? कमी खर्चात ते थंड कसं ठेवायचं?

बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळ्याचा विषय निघाला की 'घाटावर' आणि 'घाटाखाली' अशी विभागणी लगेच होते. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं बुलढाणा शहर तुलनेनं थंड. खाली पूर्णेच्या खोऱ्यातली मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावं मात्र एप्रिल-मेमध्ये चाळिशी पार करतात. पण टिनपत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही, ही तक्रार दोन्हीकडे सारखीच.

कामाला जाणारी माणसं बाहेर पडतात. दुपारभर पत्र्याखाली राहतात ते म्हातारी माणसं, आजारी माणसं, बाळंतीण आणि लहान मुलं. उष्णतेचा सर्वाधिक धोका यांनाच असतो.

हवामान खातं सांगतं ते तापमान सावलीतल्या मोकळ्या हवेचं असतं. मोबाइलवर ४२ अंश दिसत असले तरी पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त असू शकतं.

पत्रा इतका का तापतो?

मेच्या उत्तरार्धात बुलढाण्यात दुपारी सूर्य जवळपास बरोबर डोक्यावर येतो. अशा वेळी भिंतींपेक्षा छतावर ऊन जास्त पडतं. एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट, म्हणजे १० बाय १२ फुटांच्या खोलीच्या छतावर जवळपास ११ इस्त्र्या एकाच वेळी चालू असल्यासारखं.

पत्रा पातळ असल्यानं ही उष्णता अडत नाही. तापलेला पत्रा खालच्या माणसांवर सरळ उष्णता फेकत राहतो. म्हणून पंखा सुरू असूनही डोकं तापतं.

नवा पत्रा चमकतो म्हणून तो थंड राहतो, असंही नाही. चकचकीत धातू काही ऊन परतवतो, पण शोषलेली उष्णता सहज बाहेर सोडत नाही. पांढरा रंग किंवा चुना ही दोन्ही कामं करतो.

जुन्या धाब्याच्या घरात छतावर मातीचा जाड थर असायचा. दुपारचं ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. पत्र्याकडे हा गुण नाही. पण सूर्य मावळला की तो लवकर निवतो, ही त्याची जमेची बाजू.

काय करता येईल?

१. छताला पांढरा रंग. पत्रा धुऊन, गंज घासून चुना किंवा पांढरा रंग द्यायचा. नुसता चुना पत्र्यावरून लवकर निघतो, म्हणून त्यात फेव्हिकॉलसारखा चिकट पदार्थ मिसळतात. धूळ बसली की परिणाम कमी होतो, त्यामुळे दर उन्हाळ्याआधी हात फिरवावा लागतो. चुना डोळ्यात जाऊ देऊ नका. सिमेंटच्या पत्र्यावर चढू नका, तो पायाखाली फुटतो. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून तो घासूही नका.

२. पत्र्याच्या वर सावली. हिरवी जाळी किंवा तट्टे पत्र्यापासून वीतभर उंच बांधले, तर मधून वारा खेळतो. पऱ्हाट्या-तुराट्याही चालतात, पण त्या वाळलेल्या असतात. चूल आणि विजेच्या तारांपासून त्या लांबच हव्यात.

३. आतून दुसरं छत. पत्र्याखाली अंतर सोडून बांबूचे तट्टे लावले की पत्र्याची उष्णता थेट अंगावर येत नाही. थर्माकोल स्वस्त असलं तरी झपाट्यानं पेटतं.

४. खिडक्यांची वेळ. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेल, तर खिडक्या बंद ठेवा आणि उन्हाच्या बाजूला बाहेरून पडदा लावा. छताला काहीच केलं नसेल, तर आतली खोलीच जास्त तापलेली असू शकते, अशा वेळी दारं-खिडक्या उघडा. संध्याकाळनंतर सगळं उघडं ठेवा.

पाणी मारलं तर?

फायदा होतो. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता शोषतं, तेवढी १००० वॉटची इस्त्री सुमारे ४० मिनिटांत देते. पण टँकरची वाट पाहणाऱ्या गावात रोज छतावर पाणी ओतणं परवडत नाही. पोती ओली करून छतावर टाकली तर थोडं पाणी जास्त वेळ टिकतं.

कूलरही याच तत्त्वावर चालतो. विदर्भातल्या कोरड्या हवेत तो छान काम करतो, मात्र समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो. पत्र्याच्या घरात त्याचं अर्थिंग तपासून घ्या आणि पाणी भरताना प्लग काढाच.

हे सरकारचं काम नाही का?

२०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला. पुढे तिथल्या वस्त्यांमध्ये छतं पांढरी करण्याचं कामही झालं. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केलं. छत पांढरं करणं हा तिथे सार्वजनिक आरोग्याचा भाग मानला गेला.

घर थंड होतच नसेल तर?

माणसं हलवा. दुपारी १२ ते ४ या वेळात म्हातारी माणसं आणि लहान मुलं झाडाखाली, देवळात, समाजमंदिरात किंवा शेजारच्या पक्क्या घरात बसू शकतात. कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग चटका बसेल इतकं तापलं किंवा शुद्ध हरपली, तर १०८ ला फोन करा. तोवर सावलीत नेऊन अंगावर पाणी टाका, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

आणि पैसे एकाच कामापुरते असतील, तर ते छताच्या बाहेरच्या बाजूवर खर्च करा. ऊन आत शिरण्याआधी अडवणं, आत शिरलेली उष्णता बाहेर काढण्यापेक्षा स्वस्त पडतं.