वैऱ्यावरील प्रेमाचा व्यवहार

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू ख्रिस्ताने वैऱ्यावरही प्रेम करावे, असा उपदेश केला आहे. तो ऐकताच सामान्य माणसाच्या मनात शंका उभी राहते. ज्याने आपला घात केला, त्याच्याविषयी जिव्हाळा आज्ञेने कसा उत्पन्न व्हावा? शंका रास्त आहे. परंतु तीत प्रेमाचा अर्थ केवळ आवड असा धरलेला आहे. मूळ ग्रीक वचनातील शब्द ‘अगापे’ या कुळातला. त्याचा रोख भावनेपेक्षा हितबुद्धीकडे अधिक आहे, असे भाष्यकार सांगतात. वैरी आवडलाच पाहिजे असे नाही. त्याचे अहित मात्र इच्छू नये. ज्ञानेश्वरांनीही पसायदानात दुष्टांचा नव्हे, त्यांच्या दुष्टपणाचा लोप मागितला, हे मराठी माणसास सांगावयास नको.

या उपदेशाची कठोर परीक्षा दिल्लीने पाहिली आहे. गिरिप्रवचनाचा ठसा गांधीजींच्या मनावर लंडनमधील विद्यार्थिदशेतच उमटला होता. फाळणीनंतर दिल्लीत सूडाचा आगडोंब उसळला असता त्यांनी १३ जानेवारी १९४८ रोजी उपोषण आरंभिले. १८ जानेवारीस निरनिराळ्या पक्षांच्या व जमातींच्या प्रतिनिधींनी शांततेची प्रतिज्ञा केली, तेव्हाच ते सुटले. त्या प्रतिज्ञेत एकमेकांविषयी जिव्हाळा वाटेल असे आश्वासन नव्हते. मेहरौलीचा उरूस पूर्ववत भरेल, सब्जीमंडी, करोल बाग व पहाडगंज येथे मुसलमानांना निर्भयपणे वावरता येईल, बळकावलेल्या मशिदी परत दिल्या जातील, असली साधी कलमे होती. प्रेम तेथे रस्ता, बाजार आणि प्रार्थनास्थळ यांच्या भाषेत बोलले.

तथापि या प्रेमाचे मोल कोणी द्यावयाचे, हा प्रश्न उरतोच. त्या मशिदींत ऐन थंडीत आश्रय घेतलेले निर्वासित पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून आले होते. त्यांचा संताप खोटा नव्हता. म्हणूनच पोळलेल्या माणसास दुसऱ्याने क्षमेचा उपदेश करणे सोपे, पण बहुधा अन्यायाचे असते. हा उपदेश प्रथम स्वतःस लागू करावयाचा असतो. गांधीजींनी आधी आपला देह पणास लावला, आणि मगच इतरांकडे मागणे केले.

२० जानेवारीस बिर्ला भवनातील प्रार्थनासभेत मदनलाल पाहवा या निर्वासित तरुणाने स्फोट घडविला. दुसऱ्याच दिवशी गांधीजींनी त्याचा तिरस्कार न करण्यास लोकांना सांगितले. पुढे गांधीहत्येच्या खटल्यात त्याला जन्मठेप झाली. नथुराम गोडसे व नारायण आपटे यांच्या फाशीची शिक्षा सौम्य व्हावी, अशी विनंती गांधीपुत्र मणिलाल व रामदास यांनी केली. ती मान्य झाली नाही. व्यक्तीने द्वेष सोडणे आणि राज्याने गुन्ह्याचा न्याय करणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिलीसाठी दुसरी टाकावी लागत नाही. मात्र पहिली असेल, तर न्यायाला सूडाचे रूप येत नाही.

आजच्या जीवनात वैरी बहुधा शस्त्र घेऊन येत नाही. तो शेजारी असतो, सहकारी असतो, किंवा दूरध्वनीच्या पडद्यावर विरुद्ध मत मांडणारा अपरिचित असतो. त्याचे म्हणणे खोडावे, अन्याय असल्यास दादही मागावी. परंतु त्याच्याविषयीची खोटी बातमी पुढे पाठवू नये, आणि त्याच्या हक्काचे त्यास नाकारू नये. एवढे आचरण मनात राग असतानाही शक्य आहे, आणि वैऱ्यावरील प्रेमाचा आरंभ तेथूनच होतो.