पाचारण आणि गंजलेलं कुलूप

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ‘पाचारण’ हा शब्द अगदी घरचा आहे. देवाने एखाद्याला एखाद्या कामासाठी बोलावून घेणं, ते पाचारण. तरुण संघाच्या सभेत, उन्हाळी शिबिरात, बारावीच्या निकालानंतर पाळकसाहेबांच्या घरी एकच प्रश्न हमखास निघतो: माझं पाचारण काय, हे मला कळणार कसं? विचारणाऱ्याच्या मनात उत्तराचं चित्र बहुधा तयार असतं. रात्रीची वेळ, एकांत, टेकलेले गुडघे आणि स्पष्ट ऐकू येणारा आवाज.

बायबलमध्ये अशी हाक आहेही. पण शमुवेलाची गोष्ट सावकाश वाचावी. मंदिरात झोपलेल्या त्या पोराला तीनदा हाक आली आणि तिन्ही वेळा तो उठून म्हाताऱ्या एली याजकाकडे धावला. हाक कुणाची, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. ते ओळखलं एलीने, ज्याची नजर तेव्हा मंदावलेली होती. आपलं पाचारण पुष्कळदा दुसऱ्याच कुणाला तरी आधी उमगतं, हे त्या गोष्टीतलं मर्म सहसा कुणी सांगत नाही.

आयडा स्कडरला तर अशी हाक नकोच होती. १८७० साली तामिळ मुलखातल्या राणीपेटला जन्मलेली ही मुलगी अमेरिकन मिशनरी डॉक्टरांच्या घराण्यातली. लहानपणी तिने दुष्काळ डोळ्यांनी पाहिला होता. अमेरिकेत शिकायला गेल्यावर, त्या आयुष्याकडे पुन्हा वळायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं. आई आजारी पडली म्हणून १८९० मध्ये ती तिंडिवनमला आली, तेही थोड्या दिवसांसाठी. त्या मुक्कामात एका रात्री बंगल्याच्या दारात एकामागून एक तीन पुरुष आले. एक ब्राह्मण, एक मुसलमान, तिसरा पुन्हा सवर्ण हिंदू. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या. आयडाने वडिलांना बरोबर न्यायला सांगितलं, ते निष्णात डॉक्टर होते. पण परपुरुषाने बायकोला हात लावलेला तिघांपैकी एकालाही चालणार नव्हता. सकाळी निरोप आला: तिघीही गेल्या.

ही रात्र प्रवचनांतून पुष्कळदा सांगितली जाते. पुढची दहा वर्षं मात्र एका वाक्यात उरकली जातात आणि खरी किंमत तर त्या वर्षांची आहे. आयडा परत गेली, वैद्यकीच्या अभ्यासाला बसली, १८९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टर झाली आणि १९०० मध्ये वेल्लोरला येऊन एका खाटेवर तिने काम मांडलं. १९१८ मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा निघाली. तेच आजचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज.

पाचारण म्हणजे पाळक किंवा मिशनरी होणं, असं अजूनही अनेक घरांत धरून चालतात. मार्टिन ल्यूथरने ही समजूत सोळाव्या शतकातच मोडीत काढली होती. चांभार, लोहार, शेतकरी यांचं शेजाऱ्याच्या उपयोगी पडणारं कामही देवानेच नेमून दिलेलं, असं त्याचं ठाम म्हणणं.

आणि कधीकधी हे नेमलेलं काम माणसाच्या जुन्या जखमेतून वर येतं. पंडिता रमाबाईंचे आई, वडील आणि थोरली बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेले. पुढे १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८९६ मध्ये मध्य प्रांतात पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. भूक काय असते, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

वेल्लोरमधूनच शिकून बाहेर पडलेलं एक जोडपं नगर जिल्ह्यात आलं: डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. खेड्यांत सेवा करायची, हे दोघांचं लग्नाच्या वेळीच ठरलेलं. वडाळा इथल्या मिशन इस्पितळात ते मन लावून राबले. पण त्यांच्या लक्षात आलं की समोर येणारे बहुतेक आजार मुळात होऊच नयेत असे आहेत, आणि इस्पितळात बसून ते थांबणार नाहीत. मनापासून स्वीकारलेलं काम अपुरं आहे, हे कबूल करायला मोठं धैर्य लागतं. दोघं अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० मध्ये जामखेडला त्यांनी नव्याने सुरुवात केली. खेड्यातल्या, बहुतांशी निरक्षर, अनेक दलित बायांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. दुष्काळात हातपंप बसवायची वेळ आली, तेव्हा ते दलित वस्तीत बसतील असं पाहिलं. मग पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावं लागलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड यांची वाट तर आणखी वळणाची. कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांपोटी जन्मलेल्या या माणसाने इंग्लंडमध्ये आधी बांधकामाचा धंदा शिकून घेतला. गवंडीकाम, सुतारकाम यांत काही वर्षं गेली. मग तो वैद्यकीकडे वळला. ती वर्षं फुकट गेली असंच पाहणारा म्हणेल. १९४६ मध्ये ते वेल्लोरला आले आणि पुढच्या वर्षी चेंगलपट्टूच्या कुष्ठरोग इस्पितळात त्यांनी एका रुग्णाचा आखडलेला हात हातात घेतला. पकड इतकी घट्ट की डॉक्टरच कळवळले. लुळा म्हणून सोडून दिलेल्या त्या हातात जिवंत, जोरकस स्नायू होते. ते वापरून शस्त्रक्रियेने बोटं सरळ करता येतील, हा विचार तिथे सुरू झाला.

दुसरा प्रसंग एका कोठीच्या दारातला. कुलूप गंजलेलं, किल्ली काही केल्या फिरेना. एक हाडकुळा मुलगा पुढे झाला आणि त्याने झटक्यात ते उघडलं. फरशीवर रक्ताचा थेंब पडला. ब्रँड यांनी मुलाचं बोट पाहिलं, तर किल्लीने ते हाडापर्यंत कापलेलं. मुलाला पत्ताच नव्हता. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, असं तोवर मानलं जाई. इथे तर वेदनाच हरवलेली होती आणि न कळणाऱ्या रोजच्या इजांनी हात झिजत होते.

शस्त्रक्रियेने हात सुधारलेले काही रुग्ण पुढे वेगळीच तक्रार घेऊन आले: असे धड हात पाहून आता कुणी भीक घालत नाही. तेव्हा ब्रँड यांनी वेल्लोरला त्यांच्यासाठी एक केंद्र काढलं. कोणतं हत्यार कुठे लागेल, कुठल्या मुठीने कातडी सोलवटेल, हे सुतारकाम शिकलेल्या त्या डॉक्टरला नेमकं दिसत होतं. रुग्ण तिथे लाकडी खेळणी बनवू लागले, आणि रंधा कसा धरायचा ते दाखवायला डॉक्टर स्वतः त्यांच्या शेजारी उभे राहत.