वैद्यकीय शिक्षण आणि कलासाधना

मुळशी तालुक्यातील लवळे येथे २०२० मध्ये मुलींसाठी सिम्बायोसिस वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वैद्यकीय शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थिनीला ‘आता नाटक, लेखन पुरे’ असा सल्ला घरीदारी सर्रास मिळतो. तो कितपत योग्य आहे?

पुण्याचे डॉ. मोहन आगाशे यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी मनोविकारशास्त्राचे अध्यापन केले आणि १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मधील नाना फडणविसांची भूमिकाही गाजविली. पुढे ‘अस्तु’ चित्रपटात त्यांनी स्मृतिभ्रंश झालेला विद्वान साकारला. नैराश्याचा विषय हाताळणाऱ्या ‘कासव’च्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता, त्या चित्रपटास २०१७ मध्ये राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. वर्गातील ज्ञान अशा रीतीने कुटुंबांपर्यंत पोचले.

रुग्णाचे बोलणे ऐकणे आणि न बोललेले ओळखणे, ही शक्ती कलेच्या अभ्यासाने वाढते. २०१९ पासूनच्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता व संवाद यांनाही स्थान देण्यात आले आहे. अर्थात, कलेने अभ्यासाची जागा घेता कामा नये.

शिक्षकांनी गुणी विद्यार्थ्यांची कला जोपासावी. ग्रामपंचायतींनीही असे चित्रपट रीतसर परवानगीने गावात दाखवून डॉक्टरांशी चर्चा घडवून आणावी. मनोविकाराविषयीचा संकोच दूर होण्यास त्याचे साहाय्य होईल.